चार बोटांचं माप

कमळाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी माजघरातला पाळणा सकाळपासून हलत होता.

फार नाही. उंबऱ्यात उभं राहून बघितलं तर हलतो की नाही असं वाटावं, इतकाच. पण कड्या वाजत होत्या. सुपात चार दाणे घोळावेत तसा बारीक आवाज. माघाची थंडी होती, मागचं दार लावलेलं होतं, वारा कुठेच नव्हता. घरातला जो तो त्या पाळण्याच्या बाजूनं खाली मान घालून जात होता. रिकामा पाळणा हलवू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपला आपण हलत असला तर थांबवावा की नाही, हे कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

लटारूनं तो स्वतःच्या लेकरासाठी केला होता. लेकरू जन्मताच गेलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची बायको कमळाही गेली. पाळणा आढ्याला टांगला तसाच राहिला. तो उतरवायला लटारूचा हात धजला नाही आणि दुसऱ्या कोणाला त्यानं हात लावू दिला नाही.

वर्षश्राद्धासाठी थोरली बहीण इंदुताई गोंडपिपरीहून दोन दिवस आधीच आली होती. चुलीपाशी थोरली भावजय आशाबाई वडे तळत होती. ओसरीवर म्हातारे भैयाजी, या भावंडांचे वडील, घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना आता माणसाची नुसती सावली दिसायची. थोरला भाऊ गुणवंतराव तेवढा घरात नव्हता. तो अंगणापलीकडच्या सुतारीच्या कारखान्यात मार्कंड्याच्या जत्रेला न्यायच्या पाळण्यांना गोणपाट बांधत होता. शिवरात्र आठ दिवसांवर आली होती आणि तीस पाळणे तयार होते.

जेवायच्या वेळेला तो हात झटकत आला.

"यंदा मुंबईकडचे लोकं बी येतीन जत्रेत," तो म्हणाला. "मध्यप्रदेशातून जिल्हा मुंबई राज्यात गेला ना. आता आपन मुंबईवाले होय."

"हो ना!" इंदुताई म्हणाली. "मुंबईवाले, अन् आंघोळीले नाल्यावर जाते."

भैयाजी हसले. लटारूलाही ओठ हलवावे लागले. आज कोणी हसेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि हसू आलं याचा त्याला थोडा रागही आला.

पत्रावळी मांडल्या. कमळाचं पान वेगळं, अंगणात भिंतीशी. आशाबाईनं त्यावर भात वाढला, वरण वाढलं, कमळाला आवडायची ती वाळकाची भाजी वाढली. लटारू पाण्याचा तांब्या घेऊन वाकला, तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात एक माणूस उभा होता. कमरेला धोतराचा तुकडा, खांद्यावर पाळणा. पाळण्यावर कापड घातलेलं, कापडावर पानांची डहाळी. तो अशा बेतानं पावलं टाकत आत आला, की पाळण्यात झोपलेलं कोणी जागं होऊ नये.

"जोहार," तो म्हणाला. "लटारू मिस्त्रीचं घर हेच ना?"

"हेच," आशाबाई म्हणाली. "कुठून आला गा? खाली ठेव तो. पानी घे."

"कोसमटोल्याचा मी. डोमा." त्यानं पाळणा खाली ठेवला नाही. "जागा सांगा आधी. कुठी ठेवू?"

"कायची जागा?"

"तिची."

आशाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. डोमानं अंगणातलं भिंतीशी वाढलेलं पान बघितलं आणि मान हलवली. आपण बरोबर घरी आलो, अशी.

"कोंबडं आरवाच्या आधी निघालो," तो म्हणाला. "वाटेत कुठी टेकवला नाई. नाल्यातून बी असाच खांद्यावर आनला. टेकवला असता अन् ती उतरली असती, तं मंग जंगलात कुठी शोधत बसू? तुमची बाई होये. तुमची तुमाले आनून देल्ली."

"कोनती बाई?" लटारूनं विचारलं. विचारताना त्याला उत्तर माहीत होतं.

"तुही बायको, भाऊ."

इंदुताईनं पदर तोंडाला लावला. माजघरात कड्या वाजत होत्या.

मग डोमानं सांगितलं. उभ्याउभ्या, आवाज न चढवता. त्याचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. आठ दिवसांपूर्वी बायको बुधरी पाण्याला गेली, तो कुंपण बांधत होता. बुधरी परत आली तर पोर पाळण्याच्या बाहेर लोंबत होतं. अंग बाहेर, डोकं आत.

"दोन गजांच्या मधातून," डोमा म्हणाला. "जसं कोनी पाय धरून खाली वढावं. रडला बी नाई. मी दहा पावलांवर होतो, मले आवाज नाई आला." त्यानं खांद्यावरचा पाळणा सावरला. "गावचा पुजारी म्हने, पाळन्यात बाई बसून हाये. बाळंतपनात गेलेली. तिले लेकरू पायजे. मले तवाच याद आलं. मुखरूच्या पोरीलेबी तुमच्याच पाळन्यात तिनंच धरलं होतं ना दिवाळीत? गुनवंतभाऊ बाजारात सांगून राह्यले होते."

सगळ्यांनी गुणवंतरावाकडे बघितलं. तो पानावर बसला होता. त्यानं घास उचलला नव्हता, पण हात पानावरच होता.

लटारूनं तांब्या खाली ठेवला. पुढं होऊन त्यानं डोमाच्या खांद्यावरून पाळणा घेतला. शिवणीच्या लाकडाचा पाळणा, हलकाच असतो. तरी त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, आत खरंच कोणी असावं तसा. घेताना वाटलं, असली तर बरं. असली तर निदान एकदा बोलेल.

"इकडे आन तो," ओसरीवरून भैयाजी म्हणाले.

लटारूनं पाळणा त्यांच्यासमोर धरला. म्हाताऱ्यानं कापड सारलं, डहाळी बाजूला केली. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, सांधे दाबून बघितले, कड्या ओढून बघितल्या. मग चार बोटं जुळवून दोन गजांच्या मध्ये घातली. बोटं सहज आत गेली. वर अंगठ्यालाही जागा उरली. त्यांनी दुसरी फट बघितली, तिसरी बघितली.

"लटारू," ते म्हणाले, "ही कोनाची बोटं?"

लटारूला आधी काही समजलं नाही. मग एकदम समजलं.

या घराची रीत होती. फूटपट्टी, टेप, सगळं कारखान्यात होतं. पण पाळण्याच्या दोन गजांमधली फट पट्टीनं मोजायची नाही. ती घरच्या बाईच्या हातानं. जो पाळणा करेल त्याच्या बायकोनं हात धुवून यायचं, चार बोटं जुळवून चौकटीवर ठेवायची, आणि त्यानं दोन्ही अंगांना पटाशीनं खूण करायची. तिथं गज. पुन्हा चार बोटं, पुन्हा गज. भैयाजींच्या आईचा हात लागला, मग त्यांच्या बायकोचा, मग कमळाचा. ज्या हातानं लेकराला न्हाऊ घालायचं त्याच हाताचं माप, एवढंच कारण सगळे सांगायचे. कमळाची बोटं बारीक होती. खूण करताना लटारू मुद्दाम पटाशी तिच्या नखापर्यंत आणायचा आणि ती ओरडायची.

ती गेल्यावर तीन महिने तो गज कातायच्या खरादाला बसला नाही. वैशाखात बसला. त्या दिवशी आशाबाई हात धुवून आली होती. ओल्या हातानं समोर उभी राहिली होती. लटारू म्हणाला होता, राहू द्या वहिनी. कमळाच्या जागी दुसऱ्या बाईचा हात त्याला बघवला नसता. त्यानं स्वतःची बोटं ठेवली. जिथं तिचा हात असायचा तिथं आपला. त्याला ते बरोबर वाटलं होतं. वर्षभरात तेवढी एकच गोष्ट बरोबर वाटली होती.

तो पाळणा भैयाजींजवळ ठेवून माजघरात गेला. टांगलेला पाळणा हलत होता. त्यानं हात लावून तो थांबवला. मागून इंदुताई "नोको, नोको" म्हणाली. पाळणा हाताखाली थरथरला आणि उभा राहिला, कोणी श्वास धरावा तसा. लटारूनं गजांच्या मध्ये बोटं घातली. तीन गेली. चौथं बाहेर राहिलं. त्यानं जोर केला, कातडं सोललं, पण बोट गेलं नाही.

तो बाहेर आला.

"डोमाभाऊ, कोनी बाई नाई आली. ही माही बोटं होयेत. माप चुकलं. फट मोठी राह्यली."

डोमा त्याच्या हाताकडे बघत राहिला.

"ती नाई?"

"नाई."

"मले नोको सांगू," डोमा म्हणाला. "मले समजन का नाई, माहीत नाई. बुधरीले सांगा लागन. तिथी येऊन, तिच्यासमोर." आणि तो फाटकाबाहेर जाऊन मोहाच्या झाडाखाली पाठ करून बसला. आशाबाईनं पाणी नेऊन दिलं. ते त्यानं घेतलं. जेवण घेतलं नाही.

"आत चला सगळे," गुणवंतराव म्हणाला.

माजघरात, त्या पाळण्याच्या भोवतीच सगळे बसले. दुसरी जागाच नव्हती. इंदुताईनं भैयाजींना धरून आणलं.

"मुखरूच्या पोरीचं काय झालं होतं भाऊ?" लटारूनं विचारलं.

"काई नाई झालं. पोरगी वाचली. चांगली हाये."

"काय झालं होतं?"

गुणवंतरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मधात अडकली होती. मानेवर वळ आला होता. मुखरूच्या बायकोनं गज मोडून काढली. दुसऱ्या दिवशी मुखरू काठी घेऊन बाजारात आला. म्हने, तुह्या भावाले चिरतो. चार लोकं उभे होते. मी काय करू? तू तवा घरात जेवत नोहोता, रात्री कारखान्यात बसून एकट्यानंच बोलत जाय. तुले त्यानं मारलं असतं तं तू हात बी उचलला नसता."

"म्हनून तू कमळीचं नाव घेतलं."

"घेतलं. मी म्हटलं, बापा, आमची बाई बाळंतपनात गेली, तिचं ध्यान पाळन्यात राह्यलं, नारळ फोडून टाक. मुखरू खाली बसला. काठी टाकून देल्ली त्यानं. रडला मले धरून. मी त्याले दुसरा पाळना देल्ला, तो मोडका कारखान्यात आनला." तो लटारूकडे न बघता बोलत होता. "मेलेल्या मानसाचं काय बिघडते? ती गेली. तू हायेस."

"मोडका पाळना कुठी हाये?"

"गोनपाटाखाली."

"तू पाह्यला तो. फट पाह्यली नाई?"

गुणवंतरावानं मान फिरवली.

"पाह्यली," लटारू म्हणाला. "अन् मले सांगितलं नाई. दिवाळीत सांगितलं असतं तं डोमाचं पोट्टं आज असतं."

"अन् तुले दिवाळीत सांगितलं असतं, तं तू असता का?" गुणवंतरावाचा आवाज पहिल्यांदा चढला. "विहिरीवर जाऊन बसे तू! वहिनी तुही, रोज पोट्ट्याच्या मांगं लागावं तशी तुह्या मांगं फिरे. इचार तिले!"

आशाबाई पाळण्याच्या सावलीत बसली होती.

"झालं ते झालं," इंदुताई म्हणाली. "लटारू, भाऊ म्हनते त्यात काई वाईट नाई. घरात चार तोंडं खाऊन राह्यले त्या पाळन्यावर. तिकडच्याइले ते बाईचंच वाटते, तं वाटू दे. एखादी पूजा घालून देऊ. कमळी होती चांगली, तिले राग नाई येनार."

"तीस पाळने जत्रेत न्याचे हायेत," गुणवंतराव घाईनं म्हणाला. "त्याइच्यात मधातून एकएक गज टाकू. आठ दिवसांत होते. मीबी बसतो खरादाले. इथून पुढं आशाचा हात. विकलेले विकले. कोनाले सांगाले नोको, बोलाले नोको. एक बोललो का शंभर पाळने परत येतीन. पन्नास वर्सांत या घरचा पाळना परत आला नोहोता."

"आज आला," भैयाजी म्हणाले.

टांगलेला पाळणा लटारूनं थांबवल्यापासून अजिबात हलला नव्हता. सकाळपासून त्या आवाजाची सवय झाली होती. आता तो नव्हता, तर सगळ्यांचे कान तिकडेच होते.

"किती गेले वैशाखापासून?" भैयाजींनी विचारलं.

"चवदा," लटारू म्हणाला.

"चवदा," इंदुताई म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "भाऊ, पोरगी माह्या घरी बाळंतपनाले आली, तवा आखाडात तू पाळना पाठवला. तो कोनता?"

गुणवंतरावानं टोपी उचलली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

"कोनता तो भाऊ? जुना होता ना? जुनाच असन."

"यंदाचा," लटारू म्हणाला. "मीच केला. तुही नात होनार म्हनून शिवणीचं सगळ्यात चांगलं फळकूट घेतलं होतं."

इंदुताई उठली. पदर खोचला, पिशवी शोधायला लागली, पिशवी हातात असताना. "सहा महिन्याची झाली ती आता. पलटते. परवा निघताना मीच तिले पाळन्यात टाकून आली. मीच झोका देल्ला." ती दाराकडे वळली. "गाडी जुंपा कोनी. आत्ताच्या आत्ता."

"इंदू, तुह्या घरचा मी उद्याच बदलून..."

"तू चूप!" ती गुणवंतरावावर ओरडली. "तीन महिने! तुले दिवाळीपासून माहीत होतं अन् माह्या घरी येऊन पोट भरून पुरनपोळी खाऊन गेला तू! त्या पाळन्याजवळ बसून!"

"माह्या डोक्यात नाई आलं इंदू. देवाशपथ, तुह्या घरचं डोक्यात नाई आलं."

ते खरं असावं. लटारूला ते खरंच वाटलं, आणि त्यामुळेच भीती वाटली. ज्यानं बहिणीच्या घरचा पाळणा स्वतः गाडीवर चढवला त्याच्याही डोक्यात आलं नाही. मग बाकीच्या घरांचा विचार कोण करणार होतं?

इंदुताई बाहेर गेली. बाकीच्या घरांचं तिनं काही विचारलं नाही. अंगणात तिचा बैलांना हाकारण्याचा आवाज आला. गाडी जुंपायला स्वतःच धावली होती. एक पाळणा तरी आज थांबेल, लटारूनं मनात धरलं.

"बाकीचे मी जातो," तो म्हणाला. "गज घेऊन जातो. प्रत्येक घरी सांगतो अन् तिथंच बसवून देतो. भाऊ, पाळने तू इकले. नावं सांग."

"नाई सांगत."

"भाऊ."

"नाई सांगत म्हटलं ना! मारतीन तुले. पहिल्या नाई तं पाचव्या घरी. एक जीव गेला तिथंच जाऊन राह्यला तू. तिथून वापस येशील का? कमळी गेली तवा तिच्या बापाले मी शब्द देल्ला होता, का याले सांभाळतो." त्याचे डोळे भरले होते. "घरं माह्या डोक्यात हायेत. जोपर्यंत मी बोलत नाई तोपर्यंत तू कुठी जाऊ शकत नाई."

तेवढ्यात आशाबाई उठली. तिनं ओच्याला हात पुसले, कामाला लागण्यापूर्वी पुसतात तसे.

"मुखरू," ती म्हणाली. "त्याचा बदलला. आता जो त्याच्या घरी हाये तोबी यंदाचाच. बदलून दुसरा मोठ्या फटीचाच देल्ला तुमी."

"आशा," गुणवंतराव म्हणाला.

"सगळ्या पाळन्याले काळा दोरा मी बांधला. दोरा बांधताना घराचं नाव घ्या लागते, नाई तं दोरा लागत नाई. मले सगळे पाठ हायेत." ती लटारूकडे वळली. भाऊजी म्हणून तिनं त्याला हाक मारली, पण पुढं काही वेगळंच म्हणाली. "त्या दिवशी मी ओले हात घेऊन उभी होती. तुमी म्हटलं, राहू द्या. मले राग आला होता. मनात म्हटलं, ठेवा मंग आपलेच. मले माहीत होतं, मरदाचा हात मोठा असते. एवढं कोनाले माहीत नसते? मी बोलली नाई."

मग तिनं नावं सांगितली. पोरांना पाढे शिकवावेत तशा आवाजात, एकेक. मुखरू. डोमा, कोसमटोला. घोटच्या वाटेवरचा कोलू. नदीपलीकडचा झाडू, त्याच्याकडे जुळे. चामोर्शीतलं तेली गल्लीतलं घर. लालसूची सून. पोचू, ज्यानं पाळणा न्यायला मामाची गाडी आणली होती. ती सांगत गेली आणि गुणवंतराव जमिनीकडे बघत राहिला. नवव्या नावाला तो हळूच म्हणाला, "ते गाव सोडून गेले. आता आष्टीले हायेत." दहाव्याला त्यानं वाट सांगितली. तेराव्यावर आशाबाई अडली. नाव त्यानंच सांगितलं.

चौदावी इंदुताईची नात.

त्या दुपारी लटारूनं कमळाच्या पाळण्याच्या फटीत बसेल असा शिवणीचा एक तुकडा रंधा मारून काढला. घट्टही नाही, सैलही नाही. तो हातात धरला तेव्हा त्याला त्याची रुंदी ओळखीची वाटली. कोणाच्या हातात हात घालावा तशी. त्यानं तो गुणवंतरावाला दिला. "तीस पाळन्याले हा लावून पाह्य. फट याच्याहून मोठी राहू देऊ नोको." गुणवंतरावानं तो घेतला आणि खरादाकडे गेला. आशाबाई मागून गेली.

लटारूनं पोत्यात गज भरले, लाकूड तासायचा वासला घेतला, डोमाचा पाळणा खांद्यावर घेतला. निघताना माजघराच्या दारात थांबला. टांगलेला पाळणा तसाच उभा होता. सकाळी तो हलत होता तेव्हा भीती वाटली होती. आता हलत नव्हता, तर त्याहून जास्त वाटली.

डोमा वाटभर पुढं चालत राहिला. रात्र घोटच्या अलीकडे एका झोपडीत काढली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कोसमटोला आला. टोल्यात माणसं होती, पण त्यांना येताना बघून बायका घरात शिरल्या. एका घराचं दार लावल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या घराचा. कुत्रं भुंकलं नाही. लटारूला उशिरा समजलं, की लोक त्याला नाही, त्याच्या खांद्यावरच्या पाळण्याला घाबरत होते. जे घालवलं होतं ते हा माणूस परत घेऊन येत होता.

डोमाचं घर शेवटचं. परसात पाळणा टांगायचे दोन दोर अजून आडव्या बल्लीला लोंबत होते. दाराबाहेर, वाटेच्या बाजूला, पानांचे द्रोण उलटे पडले होते. आठ.

बुधरी दारात उभी होती. वीस वर्षांचीही नसावी. तिनं पाळणा बघितला आणि भिंतीला पाठ लावली.

"हा कायले आनला?" तिनं नवऱ्याला विचारलं. मग गोंडीत काही म्हणाली, भराभर. डोमानं लटारूकडे बोट केलं. सांग.

वाटेत लटारूनं बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. त्यानं पाळणा खाली जमिनीवर ठेवला. बुधरी दचकली. मग त्यानं वाकून चार बोटं जुळवली आणि दोन गजांच्या मध्ये घातली.

"हे माप माह्या हाताचं होये," तो म्हणाला. "बाईच्या हाताचं पायजे होतं. म्या चुकवलं. तुहा पोट्टा त्या फटीतून गेला. कोनी ओढला नाई त्याले. पाळन्यात कोनी नोहोतं."

बुधरी बघत राहिली. हाताकडे, फटीकडे, पुन्हा हाताकडे.

"मंग ती नोहोती?"

"नोहोती."

"तुही बाई नोहोती?"

"नाई. तिनं कोनाचं लेकरू नेलं नाई. तिचंच गेलं."

बुधरी खाली बसली. डोमा कुंपणापाशी जाऊन उभा होता, दहा पावलांवर.

"मी तिले रोज शिव्या देल्या," बुधरी म्हणाली. "सांज झाली का इथी उभी राहून. द्रोनात भात ठेवून आधी बोलवे. खा म्हने. अन् मंग शिव्या देये. आठ दिवस." तिनं उलट्या द्रोणांकडे बघितलं. "काय नाव होतं तिचं?"

"कमळा."

"कमळा," ती म्हणाली. "आता त्या कशा वापस घेऊ?"

"घेऊ नोको," लटारू म्हणाला. "त्या मले दे. माह्याच होयेत."

बुधरीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग ती उठली, भिंत सोडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि बोलायला लागली. गोंडीत, हळू आवाजात, एकामागून एक. ओरडली नाही. रोजची पाठ झालेली असावी, कुठं अडखळली नाही. लटारूला गोंडी येत नव्हती. तो हात पाळण्यातून न काढता तसाच वाकून ऐकत राहिला.

मध्येच एका जागी ती थांबली. तिथं रोज नुसतं बाई म्हटलं असावं. आता नाव घ्यायचं होतं.

"तुहं नाव काय?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

मग तिनं पहिल्यापासून सुरू केलं.